संगणकाच्या तारांची आवराआवर
(शिक्षकांसाठी अभ्यासलेख)

पूर्वी शिक्षकाच्या घरच्या मेजावर दौत, टाक आणि वह्यांचा गठ्ठा एवढेच साहित्य असे. आता त्याच मेजावर संगणक येऊन बसला आहे. शाळेची माहिती भरणे, प्रश्नपत्रिका तयार करणे, मुलांना दाखवावयाची चित्रे शोधणे ही कामे पुष्कळदा रात्री घरी बसूनच करावी लागतात. मेजाचा वरचा भाग आपण झटकून-पुसून स्वच्छ ठेवतो. परंतु खाली वाकून पाहिले तर निराळेच दृश्य दिसते. संगणकाची तार, पडद्याची तार, प्रिंटरच्या दोन तारा, राउटरची तार, मोबाइलची तार अशा सगळ्या एकमेकींत गुंतून धुळीत पडलेल्या असतात. केरसुणी तेथवर पोहोचत नाही. कोणाचा तरी पाय अडकतो आणि लिहिलेले काम जतन होण्यापूर्वीच पडदा काळा होतो.

हा गुंता कसा सोडवावा, त्यातील काय झाकावे व काय उघडे ठेवावे, आणि या साध्या घरकामाचा मुलांच्या शिक्षणासाठी कसा उपयोग करून घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. एक अनुभव

प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी आपल्या घरच्या मेजाची अशीच आवराआवर केली होती. भिंतीवरील बोर्डापासून मेजापर्यंत आणलेली जोडतार बरीच लांब होती. उरलेल्या तारेची घट्ट गुंडाळी करून ती सुतळीने करकचून बांधली, कपाटामागे सरकवली आणि वर एक जुना टॉवेल टाकला. घरी आलेल्या प्रत्येकाने मेजाची वाखाणणी केली. वर्षभर काही झाले नाही.

पुढे हिवाळ्यात न्हाणीघरातील विजेचा बोर्ड बिघडला, तेव्हा घरातील मंडळींनी पाणी तापविण्याची विजेची कांडी या जोडतारेच्या दुसऱ्या टोकाला लावली. अर्ध्या तासाने रबर जळल्यासारखा वास येऊ लागला. वास कोठून येतो हेच प्रथम समजेना. घरभर शोध घेऊन शेवटी मुख्य कळ बंद केली व कपाट ओढले. टॉवेलाखालील गुंडाळी हाताला चटका बसण्याइतकी तापली होती, तारेवरील वेष्टण मऊ होऊन वेटोळी एकमेकांना चिकटली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर आतील तारा एकमेकींना भिडल्या असत्या. त्याच खोलीत मुले निजली होती.

तार जुनी नव्हती आणि कांडीतही दोष नव्हता. दोष होता तो आवरण्याच्या पद्धतीत. जे डोळ्यांना नीटनेटके दिसत होते तेच धोक्याचे ठरले, कारण ते कोणाच्या दृष्टीस पडत नव्हते. तेव्हापासून लेखकाने एक नियम मनाशी बांधला. तारा पायांपासून, पाण्यापासून व उंदरांपासून लपवाव्यात. आपल्या नजरेपासून व हातापासून मात्र लपवू नयेत. पुढील सर्व सूचना या एका नियमाचाच विस्तार आहेत.

२. गुंडाळी का तापली?

आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. उपकरणाचे वॅट या दाबाने भागले असता तारेतून किती अँपिअर प्रवाह वाहतो ते स्थूलमानाने कळते. संगणक व पडदा मिळून १५० वॅट धरल्यास प्रवाह सुमारे ०.६५ अँपिअर येतो. पाणी तापविण्याची कांडी १००० वॅटची असेल तर तो सुमारे ४.३ अँपिअर, म्हणजे साडेसहा पटींहून अधिक होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या पटीत न वाढता त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. त्याच हिशेबाने, संगणक लावला असताना त्या तारेत जेवढी उष्णता उत्पन्न होत होती तिच्या चाळीसपटींहून अधिक उष्णता कांडी लावल्यावर उत्पन्न होऊ लागली. मोकळ्या पसरलेल्या तारेची उष्णता हवेत निघून जाते. गुंडाळीत मात्र प्रत्येक वेढा शेजारच्या वेढ्याला तापवतो, आणि वर कापड असल्यास उष्णतेला वाटच उरत नाही.

अशा वेळी स्वयंचलित कळ, म्हणजे एम.सी.बी., आपले रक्षण करील असे पुष्कळांना वाटते. परंतु ती ठरलेल्या मर्यादेपलीकडे प्रवाह गेला तरच खाली पडते. ४.३ अँपिअर हा प्रवाह तिच्या दृष्टीने मुळीच अधिक नव्हता. तार गुंडाळून ठेवली आहे की सरळ पसरली आहे, हे त्या कळेला कळण्याचा मार्ग नाही. ते घरातील माणसांनीच पाहिले पाहिजे.

संगणकाच्या जोडबोर्डावर कांडी, इस्त्री, शेगडी यांसारखी तापणारी उपकरणे कधीही लावू नयेत, हा यावरून निघणारा पहिला धडा होय. लहान प्लगाची मर्यादा ६ अँपिअर, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅट आहे. एका जोडबोर्डाला दुसरा जोडबोर्ड जोडण्याची सवयही सोडून द्यावी.

३. तारांच्या दोन जाती

मेजाखालील तारा प्रथमदर्शनी सारख्याच दिसत असल्या तरी त्यांच्या दोन जाती आहेत. पहिली वीज वाहणारी. ही भिंतीवरील बोर्डातून निघून संगणकाला, पडद्याला व प्रिंटरला शक्ती पुरवते. दुसरी निरोप वाहणारी. संगणकाकडून पडद्याकडे चित्र नेणारी, प्रिंटरकडे मजकूर नेणारी, राउटरकडून इंटरनेट आणणारी ती ही. पहिलीपासून जिवाला धोका असतो. दुसरीला आपल्यापासूनच धोका असतो, कारण ती नाजूक असते.

निरोपाच्या तारेला काटकोनात घडी घालू नये. इंटरनेटची तार वळवावयाची झाल्यास वळणाची त्रिज्या तारेच्या जाडीच्या चौपटीहून कमी असू नये. या तारांना लांबीचीही मर्यादा असते. साधी यू.एस.बी. तार ५ मीटरपर्यंत, तर इंटरनेटची तांब्याची तार १०० मीटरपर्यंत भरवशाने काम देते. ध्वनिवर्धकाची तार विजेच्या तारेला लगटून नेली तर कित्येकदा गुणगुण ऐकू येते. म्हणून दोन्ही जातींच्या जुड्या निरनिराळ्या बांधाव्यात आणि त्यांच्यात चार बोटांचे तरी अंतर ठेवावे. त्या एकमेकींना ओलांडत असतील तर काटकोनात ओलांडू द्याव्यात.

४. कामास लागण्यापूर्वी

सुटीच्या दिवशी सकाळी, भरपूर उजेडात हे काम करावे. संगणक रीतसर बंद करावा, भिंतीवरील कळ बंद करावी व प्लग काढून ठेवावा.

यू.पी.एस. असल्यास विशेष दक्षता घ्यावी. त्याच्या पोटात बॅटरी असते. भिंतीतील प्लग काढला म्हणजे वीज गेली असे त्या यंत्राला वाटते, आणि ते आपल्या साठ्यातून पाठीमागच्या छिद्रांना पूर्ववत वीज पुरवू लागते. म्हणजे भिंतीपासून सुटलेली तारही जिवंत असू शकते. यास्तव यू.पी.एस.ची स्वतःची कळ बंद करून, त्याचा दिवा विझल्याची खात्री पटल्यावरच तारांना हात लावावा. हात कोरडे असावेत व पायांत चप्पल असावी. कोणत्याही तारेचे वेष्टण फाटलेले आढळल्यास ती तार बाजूस काढावी. चिकटपट्टी गुंडाळून ती पुन्हा वापरात आणू नये. उन्हाळ्यात त्या पट्टीचा गोंद वितळतो व पट्टी सुटून येते.

५. प्रत्यक्ष कृती

(अ) सर्व तारा सोडवून सतरंजीवर ओळीने मांडाव्यात व कोरड्या फडक्याने पुसाव्यात. प्रत्येक तारेचे काम काय ते स्वतःशी मोठ्याने म्हणावे. जिचे काम सांगता येणार नाही ती तार मेजाखाली परत जाऊ नये. या एकाच पायरीने पुष्कळसा गुंता कमी होतो.

(आ) उरलेल्या प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नाव द्यावे. औषधांच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी तारेभोवती झेंड्याप्रमाणे चिकटवून तीवर ‘पडदा’, ‘प्रिंटर’, ‘राउटर’ असे शाईने लिहावे.

(इ) जोडबोर्ड जमिनीवर ठेवू नये. त्याच्या पाठीला स्क्रू अडकविण्याची छिद्रे असतात. त्यांच्या आधारे तो मेजाच्या मागच्या पायाला अथवा मागील फळीच्या आतील अंगाला, जमिनीपासून दोन वितींहून अधिक उंच बसवावा. छिद्रे आडव्या दिशेस असावीत, म्हणजे त्यांत धूळ बसत नाही व वरून पाणी सांडले तरी आत जात नाही. बोर्ड उंच झाला की जमिनीवरील निम्म्याहून अधिक तारा आपोआप वर जातात व फरशी पुसणे सोपे होते.

(ई) मेजाच्या मागील कडेखाली प्लास्टिकची लांबट जाळीदार टोपली आकड्यांनी टांगावी. ॲडॅप्टरचे ठोकळे व उरलेल्या तारा तीत ठेवाव्यात. जाळीतून हवा खेळते, आणि समोरून पाहणाऱ्यास टोपली दिसत नाही. उरलेली वीजतार गुंडाळू नये. नागमोडी, सैल पसरून ठेवावी. फारच उरत असेल तर बेताच्या लांबीची तार विकत घेणे अधिक शहाणपणाचे.

(उ) प्रत्येक तार यंत्रात जेथे शिरते तेथे थोडा ढिला वळसा ठेवावा. ताणलेली तार आपल्या टोकापाशी तुटते, व खाचही सैल होते. तार कोपराभोवती गुंडाळण्याची सवय वाईट आहे. तीमुळे आत पीळ बसतो.

(ऊ) वारंवार काढघाल होणाऱ्या तारांची टोके, उदाहरणार्थ मोबाइलची तार, मेजाच्या कडेला लावलेल्या कागदी चिमट्याच्या कानातून ओवून ठेवावीत. ती मग मेजामागे घसरत नाहीत.

(ए) वाटेवरून तार नेणे टाळावे. टाळता येत नसेल तर भिंतीच्या कडेने प्लास्टिकच्या केसिंग-पट्टीतून न्यावी. सतरंजीखालून तार कधीही नेऊ नये. ती पायांखाली रगडली जाते, तापते, आणि तिचे वेष्टण फाटल्याचे कोणाला दिसत नाही. तारेवरून लोखंडी खिळा वाकवून ठोकणे तर सर्वथा वर्ज्य समजावे.

६. बांधावयाचे साहित्य

जुडी बांधण्यासाठी नायलॉनची दातेरी पट्टी बाजारात मिळते. १९५८ साली अमेरिकेतील थॉमस अँड बेट्स या कंपनीने विमानातील तारांच्या जुड्या बांधण्यासाठी ती प्रचारात आणली. ती एकदा ओढली की मागे येत नाही. विमानात हा गुण होय. घरी मात्र तोच अडचणीचा ठरतो, कारण आपल्या तारा वरचेवर बदलाव्या लागतात. पट्टी कापताना कात्री तारेला लागण्याचे भय असते, आणि फार आवळल्यास निरोपाची तार आत चेपली जाते.

वेल्क्रोची पट्टी त्याहून बरी. तिची जन्मकथा मुलांना अवश्य सांगावी. १९४१ साली जॉर्ज द मेस्त्राल नावाचे स्विस अभियंते रानातून फिरून आले, तेव्हा त्यांच्या कपड्यांना व कुत्र्याच्या केसांना काटेरी फळे चिकटली होती. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा प्रत्येक काट्याच्या टोकाशी बारीक आकडा दिसला. त्या आकड्यांवरून त्यांनी एका अंगास आकडे व दुसऱ्या अंगास फासे असलेली पट्टी सिद्ध केली आणि १९५५ साली तिचे एकस्व मिळविले. आपल्या शिवारातील आघाड्याची बोंडे धोतराला व लुगड्याला चिकटतात, तो अनुभव मुलांना असतोच. फाटलेल्या दप्तराची किंवा बुटाची वेल्क्रो पट्टी कापून घेतली तर विकत घेण्याचेही कारण नाही. तीही नसेल तर सुती नाडीची सरकगाठ पुरते. जुडी सैल बांधावी. तारांमध्ये बोट सहज शिरले पाहिजे.

७. काय झाकू नये

जोडबोर्ड, यू.पी.एस. आणि ॲडॅप्टर ही तीन काम करताना कोमट होतात. त्यांवर कापड, पुठ्ठा अथवा वह्या ठेवू नयेत. त्यांना बंद खोक्यात कोंडू नये. भिंतीवरील कळ कपाटामागे जाऊ देऊ नये. घरातील कोणालाही, अंधारातसुद्धा, तीपर्यंत हात पोहोचवता आला पाहिजे. वैशाखातील वळवाच्या वेळी आभाळ भरून येताच प्लग काढून ठेवावा लागतो, तेव्हा या सूचनेचे मोल कळते. विजा चमकू लागल्यावर तारांशी खटपट करू नये.

प्लगाची जाड व लांब पिन ही भूसंपर्काची होय. ती इतर दोन पिनांच्या आधी जोडली जावी व सर्वांत शेवटी सुटावी म्हणून मुद्दाम लांब केलेली असते. ती कापून अथवा वाकवून प्लग दोन छिद्रांत बसविणे म्हणजे आपणच आपले कवच फेकून देणे होय. संगणकाच्या लोखंडी पेटीला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटत असेल तर भूसंपर्क नीट नाही असे समजावे, वापर थांबवावा व जाणत्या वायरमनला बोलवावे. घरात ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. बसवून घेतल्यास विजेच्या धक्क्यापासून मोठे संरक्षण मिळते.

८. उंदीर व पावसाळा

उंदराचे पुढील दात जन्मभर वाढत असतात. ते झिजवण्यासाठी त्याला काही ना काही कुरतडावे लागते, म्हणून तारेत खाण्याजोगे काही नसतानाही तो ती कुरतडतो. जमिनीवर, कोपऱ्यात, कपाटामागे पडलेली तार त्याला सोयीची असते. उंच व उजेडात ठेवलेली तार त्याच्या वाटेत येत नाही. भिंतीतून तार बाहेर नेण्याचे छिद्र मोकळे असल्यास ते बुजवावे. मेजावर खाऊचे डबे ठेवू नयेत. महिन्यातून एकदा, आणि पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा, वीज बंद करून सर्व तारा नजरेखालून घालाव्यात. ज्या भिंतीला ओल येते तिला मेज टेकवू नये.

९. शाळेतील पाठ

वरील विषयावर इयत्ता ५ वी व ६ वीच्या वर्गास एका तासाचा पाठ देता येईल. या पाठात विजेच्या कोणत्याही तारेस मुलांनी हात लावावयाचा नाही, हे आरंभीच निक्षून सांगावे.

साहित्य : निरनिराळ्या रंगांच्या पाच सुतळ्या, दहा कागदी चिठ्ठ्या, मोजपट्टी.

पहिली कृती. पाच सुतळ्यांचा गुंता करून तो टोपलीत ठेवावा व दोन्हीकडची टोके बाहेर काढावीत. सर्व टोकांना एकाच रंगाचा कागद गुंडाळावा. ‘या टोकाचे दुसरे टोक कोणते?’ असे विचारून लागणारा वेळ मोजावा. नंतर मुलांकडूनच गुंता सोडवून, टोकांना नावे लावून तोच प्रश्न पुन्हा विचारावा. दोन वेळांतील फरक फळ्यावर लिहावा. नाव लावण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही, ते मुलेच सांगतात.

दुसरी कृती. मापन व हिशेब. बोर्डापासून मेजापर्यंत भिंतीच्या कडेने ९० सेंटिमीटर, वर चढण्यास ४५ सेंटिमीटर व ढिलाईसाठी ३० सेंटिमीटर लागतात. तर एकूण किती तार हवी? तार ३ मीटर असेल तर किती उरेल? (उत्तरे : १६५ सेंटिमीटर, १३५ सेंटिमीटर.) उरलेल्या तारेचे काय करावे, हा प्रश्न चर्चेस ठेवावा.

तिसरी कृती. घरचे निरीक्षण. मुलांनी घरातील तारा लांबूनच पाहून तीन प्रश्नांची उत्तरे लिहून आणावीत. एखादी तार वाटेत आहे काय? एखादी तार कशाखाली दडली आहे काय? मुख्य कळ कोठे आहे, आणि ती घरातील कोणकोणास ठाऊक आहे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनी लक्षपूर्वक वाचावे. एखाद्यास विजेचा धक्का बसला अथवा तारेने पेट घेतला, तर त्या माणसाला शिवावयाचे नाही, आगीवर पाणी ओतावयाचे नाही, प्रथम मुख्य कळ बंद करून मोठ्यांना हाक मारावयाची, एवढे प्रत्येक मुलास तोंडपाठ असले पाहिजे. पुष्कळ घरांत ती कळ फडताळाच्या मागे अथवा धान्याच्या कणगीआड असते, आणि ती तेथे आहे हे घरातील एकाच माणसास ठाऊक असते.

समारोप

शाळेतील संगणकाच्या मेजालाही हेच नियम लागू पडतात. तेथे तर त्याभोवती अनवाणी पायांची पंचवीस-तीस मुले एकदम गोळा होतात. म्हणून शिक्षकाने प्रथम आपल्या घरचे मेज आवरावे, हात बसला म्हणजे शाळेचे आवरावे, आणि मग मुलांना मेजाखाली वाकून पाहू द्यावे. त्यांना तेथे तारांचा पसारा दिसू नये. पण प्रत्येक तार कोठून निघते व कोठे जाते, हे मात्र नावासकट दिसावे. लेखकाच्या घरी ती चिकटलेली गुंडाळी अद्याप जपून ठेवली आहे. दरवर्षी या पाठाच्या वेळी ती वर्गात नेली जाते व एका हातातून दुसऱ्या हातात फिरते. त्यानंतर फारसे बोलण्याची आवश्यकता राहत नाही.